वॉटरप्रूफ बॅगेची तपासणी

१९ जुलै, शनिवार
पुढच्या रविवारी मुळशीकडे ट्रेक. बायको कौशल्या वर्षभर जातेय, मी पहिल्यांदाच. नेणारा दिग्विजय हिंजवडीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. रविवारी लोकांना फुकट डोंगर दाखवतो. फुकट का? बघायला हवं.
मुख्य प्रश्न कौशल्याच्या कानांच्या मशिनांचा. नात स्वरालीचं फोनवरचं बोबडं बोलणं ऐकू यावं म्हणून घेतली. पावसात घालता येत नाहीत. ती कोरडी ठेवायची जबाबदारी मी घेतली. कौशल्या "बघू" म्हणाली. म्हणजे हो.

२० जुलै, रविवार
नारायण पेठेतून वॉटरप्रूफ बॅग आणली. दुकानदार दशरथ. तोंड तीनदा गुंडाळा, क्लिप लावा, पावसात मध्येच उघडू नका, म्हणाला. उघडू नका म्हणजे आत बघू नका! सगळी नोकरी ऑडिटमध्ये गेली. असली माणसं मी लांबून ओळखतो.

२१ जुलै, सोमवार
सकाळी टेस्ट. बॅगेत पेपर, बॅग बादलीत. पेपर कोरडा. संशयास्पद. बादलीतलं पाणी गप्प बसतं, पाऊस बसत नाही.
दुपारी शॉवरखाली. मध्ये मध्ये उघडून खात्री करत होतो. शेवटी पेपर ओला निघाला. वाटलंच होतं. दशरथला फोन केला. त्याचं एकच, उघडली होती का. विषय बदलायची जुनी युक्ती.
संध्याकाळी बॅग बदलून आणली. बहुतेक तीच पुसून दिली. खूण करून ठेवायला हवी होती.

२६ जुलै, शनिवार
कौशल्याने मशिनांची डबी दिली. पुठ्ठ्याची, चिकटपट्टीने गच्च बांधलेली. पट्टी काढू नका, म्हणाली. बरं केलं. ग्रुपमधल्या लोकांचा काय भरवसा.
संकल्प: उद्या बॅग उघडायची नाही. अगदीच गरज पडली तर.

२७ जुलै, रविवार, संध्याकाळी
गरज पडली. ओढा ओलांडल्यावर पडली. पाऊस वाढला तेव्हा काळजीने, कमी झाला तेव्हा संधी म्हणून. दिग्विजयची नजर सारखी बॅगेवर. काका, बंद ठेवा, म्हणाला. हाही दशरथचाच माणूस दिसतो. मग त्याच्याकडे पाठ करून उघडली.
घरी येऊन पाहिलं. बॅगेत तांब्याभर पाणी. डबीचा पुठ्ठा मऊ झालेला. पट्टी काढायचा धीर झाला नाही, तशीच तांदळात पुरली. कौशल्या आल्या आल्या झोपली. तिला काय सांगू? आता स्वराली बोलेल आणि ही नुसती हसून मान हलवेल.
दशरथला सोडणार नाही.

२८ जुलै, सोमवार
सकाळीच गॅलरीत जाऊन दशरथला फोन लावला. अगदी हळू आवाजात. बॅग गळकी आहे, बायकोची मशिनं गेली, ग्राहक मंचात खेचतो, असं सगळं.
स्वयंपाकघरातून आवाज आला, "अहो, त्याला कशाला बोलताय? बॅग तुम्हीच उघडत होतात."
फोन ठेवला. मशिनं तिच्या कानांत. डबी रिकामी होती. मशिनं दिवसभर दिग्विजयच्या रेनकोटच्या खिशात, झिपच्या साध्या पिशवीत होती. मी विचारलं, एवढी खर्चून आणलेली बॅग, तिच्यावर तुझा संशय?
"बॅगेवर अजिबात नव्हता," ती म्हणाली.
वाईट वाटलं. फार वाईट वाटलं. दुपारपर्यंत तिच्याशी बोललो नाही. तिच्या लक्षात आलं नाही.

३ ऑगस्ट, रविवार
पुन्हा ट्रेक. बॅग कौशल्याच्या पाठीवर. धो धो पाऊस, दिवसभर उघडली नाही, आत सगळं कोरडं. निवड माझीच होती.
मलाही काही जबाबदारी दे म्हटलं. तिने पाण्याची बाटली सांभाळायला दिली.
वाटेत दोनदा उघडून बघितली. पाणी होतं.