दगड माझा, टोपण तिचं

तुम्ही विसराल. मी समोर बसलेली असताना विसरता, मग मातीखाली गेल्यावर काय दिवे लावणार! परवा घरातल्या तिघांना बजावलं, कोंबड्या झाका. तिघांनी माना डोलावल्या, आणि सकाळी मुंगसाचं पोट भरलेलं. म्हणून हे कागदावर. कागद हरवतो हे मला ठाऊक आहे, तेव्हा तो कचिंग्वे मास्तरांच्या शाळेच्या पेटीत राहील, खडूंच्या खाली.

मी, अबिती म्ब्वाना, म्हणजे म्ब्वानाची लेक, राहणार चिलिंबा, मलावी सरोवराचा काठ. वय कागदावर नाही, पण ज्या वर्षी सरोवर चढून आमची चूल बुडाली त्या वर्षी माझी असियातू पाठीवर होती. असं लिहून ठेवते की माझी बुद्धी ठिकाणावर आहे, मला कुणी धाक घातलेला नाही, आणि सकाळपासून गोड पेजेखेरीज काही पोटात गेलेलं नाही. बुद्धीची परीक्षा खुद्द मास्तरांनी घेतली.

"आजी, आज वार कोणता?"

"मंगळवार. आणि मास्तर, तुम्ही शर्टाचं दुसरं बटण तिसऱ्या काजात घातलंय."

परीक्षा संपली.

मला अक्षर येत नाही. मी सांगते, मास्तर लिहितात. मधे मधे ते माझी भाषा सुधारतात असा मला संशय आहे. तसं आढळल्यास मी बोलले ते खरं धरावं.

कलम पहिले. घर. हे देण्याचा मला अधिकारच नाही. आमच्यात घर आईकडून लेकीकडे जातं, तेव्हा ते असियातूचं आहेच. मी फक्त आठवण ठेवून जाते: मागची भिंत दर वर्षी पावसाआधी लिंपायची. तिच्या नवऱ्याला सांगा, तू इथे नांदायला आलायस, झोपायला नाही.

कलम दुसरे. सायकल माझा भाऊ म्तेंजे याला, जो आमच्या कुळाचा मामा, म्हणजे कर्ता, आहे. साखळी त्याने बारा वर्षांपूर्वीच नेली आहे. आता उरलेली न्यावी.

कलम तिसरे. माझा नवरा आजिदा, जो नऊ वर्षांपूर्वी गेला, त्याच्या वस्तू. इथे फार नाहीत, कारण त्याची प्रत्येक वस्तू दोन बायकांच्या दोन घरांत वाटलेली होती. एक चटई इथे, एक तिथे. एक वस्तरा इथे, एक तिथे. पाण्यात बुडी मारताना लावायचा काचेचा मुखवटा मात्र एकच होता आणि तो माझ्याकडे आहे, कारण दफनाच्या दिवशी मी तो आधी उचलला. त्या दिवशी धाकटी माझ्यापेक्षा मोठ्याने रडली असं सगळं गाव म्हणतं. माझा घसा बसला होता, हे कुणी म्हणत नाही. मुखवटा सिगेलेला, माझ्या असियातूच्या लेकीला.

कलम चौथे. दगड. हे कलम लांब आहे. मास्तरांनी दुसरा कागद घेतला आहे.

आजिदा पाणबुड्या होता. सरोवरातल्या खडकांच्या फटींतून रंगीत मासे जाळ्यात घेऊन यायचा. मासे विकणाऱ्या केंद्राचे मालक ते विमानाने परदेशी पाठवायचे, आणि तिकडची माणसं ते काचेच्या पेटीत ठेवून नुसती बघत बसतात. खात नाहीत. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं, हा माझी थट्टा करतोय. पाठवण्याआधी मासा टाकीत ठेवून त्याचं पोट साफ करावं लागतं, कारण पोटात किडे घेऊन निघाला तर तिकडे पोचून मरतो, आणि बाकीच्यांनाही देतो. तर पहिल्या तीन टाक्या माझ्या अंगणात होत्या. माझ्या.

किडे झालेला मासा कसा ओळखायचा ते सिगेलेला शिकवलंय, तरी पुन्हा सांगते. तो डोकं खाली घालून कोपऱ्यात उभा राहतो. घास तोंडात घेतो आणि थुंकतो. मागे पांढरा दोरा लोंबतो. मग पोट टम्म होतं. दोरा दिसला तर वेळ आहे. पोट फुगलं तर उशीर झाला.

मला तेव्हा हे कुणी सांगितलं नव्हतं. मासे रोडावायला लागले, मला दया आली, आणि बाळंतिणीला देतो ते मी त्यांना दिलं. उसिपा. आपला वाळवलेला बारीक मासा, भाजून, कुटून, मुठी मुठी. हे खडकावरचं शेवाळ खरवडून जगणारे जीव, त्यांच्या पोटाला ते झेपतं का! चार दिवसांत पिवळ्या माशांची अख्खी टाकी फुगून वर आली. मालक टाकीकडे बघत राहिले, आजिदा जमिनीकडे. पुढच्या महिन्यात नव्या टाक्या बांधल्या, सायकलने अर्ध्या तासावर, म्वांजाती गावात. कुणाच्या अंगणात? आजिदाच्या धाकट्या बायकोच्या. अबिती जाफालीच्या.

मास्तर म्हणाले, "आजी, हे मृत्युपत्रात लागतं का?"

"सगळ्यात आधी हेच लागतं. लिहा."

चार दिवस माझ्याकडे, तीन दिवस तिच्याकडे असं ठरलेलं होतं. चौथ्या दिवशी दुपारीच त्याला सायकलची हवा तपासायची असायची. चांबो मासा आणला की त्याचं डोकं घरच्या पुरुषाला वाढतात. माझ्याकडे तो ते मुकाट खायचा. तिच्याकडचं खाऊन परत आला की मात्र बसल्या बसल्या बोटं हुंगायचा. मी विचारलं, "काय आहे बोटांना?" म्हणाला, "काही नाही." काही नाही असं वर्षानुवर्षं कुणी हुंगतं का?

असो. दगड.

नव्या टाक्या तिकडे गेल्या, पण माझ्या तिसऱ्या टाकीत चार आजारी निळे मासे विसरून राहिले होते. घास टाकला की थुंकत. पण एके दिवशी बघते तर टाकीतल्या दगडावरचं शेवाळ खरवडलेलं. म्हणजे हातातला घास नको, पण खडक दिसला की त्यांना राहवत नाही. मग मी दवाखान्यात आमांशावर देतात ती कडू गोळी कुटली, शेवाळ खरवडून आणलं, बकरीचे खूर उकळून त्यांची खळ केली, सगळं कालवून एका सपाट दगडावर थापलं, सावलीत वाळवलं आणि दगड टाकीत सोडला. त्यांना वाटलं, आपल्या घरचाच खडक. चाटला! मी टाकीच्या कडेलाच बसून राहिले, दुपारचं रांधायचं राहिलं.

आजिदाला म्हटलं, "मालकांना सांग, थोरलीने युक्ती काढली." म्हणाला, "सांगतो." सांगितलं. पण आधी तिकडे सांगितलं. महिन्याभरात तिच्या अंगणात दगड सोडायला लागले. पुढे तिला पांढरा डगला मिळाला, 'माशांची डॉक्टरीण' हे नाव मिळालं, आणि केंद्राच्या कचेरीत तिचा फोटो लागला, हातात दगड घेतलेला. तो फोटो अजून आहे. सिगेले त्याच्याखालीच बसून वही लिहिते.

दगड माझा. मास्तर, याच्याखाली रेघ ओढा. दोन.

मूळ दगड, जो पायरीपाशी आहे आणि ज्यावर तुम्ही पाय घासता, तो सिगेलेला.

कलम पाचवे. हे सांगायचं नव्हतं. पण आता टाक्या पुन्हा आपल्या बाजूला, रस्त्यावरच्या मोठ्या शेडमध्ये आल्या आहेत, कारण धाकटीचे डोळे गेले. आणि त्या टाक्यांवर दोन वर्षं सिगेले आहे. आमच्याकडे जूनात थंडी, तर यंदाच्या थंडीत तीन टाक्यांत पांढरे दोरे दिसतायत. पोरीने माझ्या पद्धतीने दगड थापले, तरी मासे मरतायत. मालकांनी सांगितलंय, सहा जुलैला पाठवणी आहे, तोवर मासे बरे झाले नाहीत तर टाक्यांवर दुसरं माणूस येईल.

खरं सांगायचं तर माझ्या दगडाने चारातले दोन जगत, कधी एकच. मी गोळी मुठीने घालायची. मासा मेला की पुढच्या वेळी जास्त घालायची. मग दगड इतका कडू व्हायचा की भुकेला मासाही तोंड फिरवायचा. धाकटीच्या टाकीतले मात्र सगळे जगत.

परवा सिगेले बाजारातून आली.

"आज्जे, धाकट्या आजी भेटल्या."

"रस्ता बदलायचा."

"त्यांनी आवाजावरूनच ओळखलं मला. मी औषधाचं माप विचारलं. म्हणाल्या, ते मी थोरलीकडे केव्हाच पाठवलंय, तिच्या डब्यात असेल बघ."

"खोटं बोलते. पहिल्यापासून खोटारडी."

पोरगी, पांढरा दोरा दिसल्यावर टाकीत बघते तशी माझ्याकडे बघत राहिली.

तर लिहा. माझ्या खाटेखाली चहाचा पत्र्याचा डबा आहे. त्यात सोड्याच्या बाटलीचं टोपण आहे, आतून खिळ्याने रेघ ओढलेलं. त्या रेघेपर्यंत गोळीची पूड भरायची. सोबत एक दोरी आहे. तिच्यात पाच गाठी, मग सात निळे मणी, मग पुन्हा पाच गाठी. तिलाही अक्षर येत नाही, मलाही नाही. पण मला ती दोरी बघताक्षणी वाचता आली. पाच दिवस औषध, सात दिवस विसावा, पुन्हा पाच दिवस.

हे आजिदाने आणून दिलं त्याला बावीस वर्षं झाली. मी का वापरलं नाही? मण्यांमुळे. ते कमरेच्या माळेतले मणी होते. बाईच्या कमरेची माळ नवरा सोडून कुणी बघत नाही. आणि तिने आपल्या कमरेचे मणी माझ्याच नवऱ्याच्या हाती माझ्याकडे पाठवले! मला वाटलं, ही मला हिणवते. मी डब्याचं झाकण लावलं आणि सिगेले चालायला लागली तेव्हाच तिला सांगितलं, त्या बाईच्या उंबऱ्यात पाऊल टाकलंस तर माझ्या उंबऱ्यात दुसरं टाकायचं नाही.

मास्तर म्हणाले, "तिच्याकडे दुसरे मणी नसतील, आजी. असलेली माळ तोडून पाठवली असेल."

"हे कळायला मला बावीस वर्षं लागली, तुम्ही एका ओळीत सांगता. म्हणून तर तुम्ही मास्तर."

अजून एक. आजिदाने दोरी देताना एक निरोपही दिला होता. तो मी कुणाला सांगितलेला नाही. म्हणाला, "धाकटी म्हणते, दगड थोरलीचा आहे, तर माप तिच्याकडेही असायला हवं."

मास्तरांनी लिहिणं थांबवलं. "म्हणजे दगड तुमचा, हे त्या बाईंनी तेव्हाच कबूल..."

"लिहा मास्तर. बोलू नका."

सबब टोपण आणि दोरी सिगेलेला. शिवाय तिच्यावरची उंबऱ्याची बंदी मी उठवते. कारण एक टोपण पूड किती शेवाळाला, आणि औषधाआधी किती वेळ उपाशी ठेवायचं, हे दोरीत नाही. ते धाकटीच्या डोक्यात आहे. सिगेलेने जावं आणि विचारावं. हे माझ्या मृत्यूनंतर अमलात यावं.

इथे मास्तरांनी पेन खाली ठेवलं आणि बोटांवर मोजायला लागले.

"आजी, पाच नि सात नि पाच, सतरा."

"मग?"

"आज अठरा जून. उद्या सकाळी औषध सुरू झालं तर पाच जुलैला संपेल. सहाला पाठवणी. तुम्ही मेल्यानंतर म्हटलं तर..."

"मला आज दुपारी मरावं लागेल."

"तसं म्हणायचं नव्हतं मला."

"तसंच म्हणायचं होतं. मग असं लिहा: कलम पाचवे मी जिवंत असतानाच, आजपासून लागू."

"असं मृत्युपत्र नसतं, आजी. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं."

"आता आहे एक. लिहा."

त्यांनी लिहिलं. म्तेंजे बाहेर ओट्यावर बसून सगळं ऐकत होता. तो म्हणाला, "ताई, तू स्वतः का जात नाहीस?" त्याला उत्तर देण्याची या कागदात जागा नाही. सायकलही त्याला द्यावी की नाही याचा मी पुन्हा विचार करते आहे.

कलम सहावे आणि शेवटचे. कचेरीतला फोटो काढू नये. बघता न येणाऱ्या बाईचा फोटो काढून घेण्यात काय पुरुषार्थ! मात्र त्याच्याखाली सिगेलेने माझा दगड ठेवावा, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. कुणी विचारलं तर सांगावं, दगड थोरलीचा, माप धाकटीचं. या क्रमाने.

हे सगळं मास्तरांनी मला दोनदा वाचून दाखवलं. दुसऱ्या खेपेला 'खोटारडी' हा शब्द वगळून वाचला, तो मी परत घालायला लावला. मान्य आहे म्हणून डाव्या हाताचा अंगठा उठवते. उजवा आत्ता शेवाळाने हिरवा आहे.

निशाणी अंगठा: अबिती म्ब्वाना
साक्षीदार: म्तेंजे म्ब्वाना, भाऊ, कुळाचा मामा
साक्षीदार: नासिबेको, चिलिंबा गावची मुखिया
लिहिणार: कचिंग्वे, प्राथमिक शाळा, चिलिंबा
ठिकाण: चिलिंबा, आंब्याखाली. तारीख अठरा जून दोन हजार एकोणीस.

अंगठा उठवल्यानंतर सांगितलेलं, मास्तरांनी खाली जोडलेलं:

सिगेलेला रिकाम्या हाताने पाठवू नका. उसिपा अजिबात देऊ नका, ती एक चूक मला आयुष्यभर पुरली आहे. आज सकाळी जो चांबो आला तो असियातूने माझ्या पद्धतीने करावा, टोमॅटो जास्त, मीठ कमी, आणि डोकं आख्खं ठेवावं. ते डोकं धाकटीला पाठवा. मला वाटणी नको. आजिदा चार दिवस काय खात होता ते तिलाही एकदा कळू दे. आणि सिगेले, माप विचारून झालं की लगेच उठू नकोस. तिचं खाणं होऊ दे. खाऊन झाल्यावर ती बोटं हुंगते का, तेवढं बघून ये.