उजवीकडचे तीन चंद्र

३ एप्रिल
चार महिन्यांनी मागच्या अंगणात टेलिस्कोप लावला. बाबा पायरीवरून म्हणाले, "जमिनीवरची कामं आटोपली वाटतं!" कॉलेज सोडल्यापासून त्यांचं हेच चाललंय. 
गुरू लगेच सापडला. चार चंद्र एका सुतात. तीन डावीकडे, एक उजवीकडे. काढायला वही उघडली आणि तीच आठवली. मिटली.

५ एप्रिल
एकदा लिहूनच टाकतो.
ती माझ्याच वर्गातली, तेव्हा माझी. कॉलेजचा प्रकल्प होता — महिनाभर आपापल्या घरून गुरूचे चंद्र पाहायचे, रोज आकृती काढायची. तिच्याकडे काकांचं जुनं बायनॉक्युलर. गच्चीच्या कठड्यावर टेकवून बघायची. माझ्या आकृतीत जे चंद्र डावीकडे, ते तिच्या आकृतीत उजवीकडे. रोज! आणि वर्गातल्या कुरळ्याशी मात्र तिच्या आकृत्या तंतोतंत जुळत होत्या. त्याच्याकडेही बायनॉक्युलरच.
डोकं फिरलं. भर प्रयोगशाळेत ओरडलो, "त्याच्या गच्चीत बसून काढल्यास ना?"
ती एक शब्द बोलली नाही. मला ती कबुली वाटली. सर मध्ये पडले, तर त्यांच्याही अंगावर गेलो. त्याच दुपारी कॉलेजातून नाव काढून घेतलं. तिची वही हिसकावून आणली — म्हणे पुरावा. पुरावा कसला, डोंबल.

६ एप्रिल
ढग. बरंच झालं.

९ एप्रिल
हल्ली मी बसतो ते मामाचं चष्म्याचं दुकान म्हणजे बोळ. म्हणून अक्षरांची पाटी गिऱ्हाइकाच्या डोक्यामागे टांगलेली. त्याने ती समोरच्या आरशात वाचायची. पाटीवरची अक्षरं मुद्दाम उलटी छापलेली, म्हणजे आरशात सुलटी दिसतात. आज जुनी पाटी फुटली. मी कपाटातली साधी टांगली.
खुर्चीतले आजोबा बराच वेळ बघत राहिले. "पोरा, माझे डोळे गेले, की तुझी अक्षरं फिरली?"
मामा आतून आला. "अरे शहाण्या, आरशात डाव्याचं उजवं होतं! कॉलेजात काय दिवे लावलेस?"
मी पाटी उतरवली आणि टेलिस्कोप आठवला.
माझ्या टेलिस्कोपला डोळ्यापाशी काटकोनी तुकडा आहे. मान दुखू नये म्हणून मीच हौसेने बसवला, सगळ्यांना मिरवून दाखवला. त्यात आरसा आहे. बायनॉक्युलरमधून सरळ दिसतं. तिला सरळ दिसत होतं. कुरळ्यालाही.
तीन तारखेचे ते तीन चंद्रही उजवीकडेच होते.

१० एप्रिल
तिच्या सव्वीस आकृत्या आरशासमोर धरल्या. सव्वीसच्या सव्वीस माझ्याशी जुळल्या.

१२ एप्रिल
कॉलेजच्या फाटकापाशी दोन तास उभा होतो. ती आली. "चुकलो," म्हणालो. आरसा, पाटी, आजोबा — सगळं भडाभडा सांगितलं. वही पुढे केली.
तिने हात लावला नाही. "चार महिने तुझ्याकडे होती. शेवटचं पान उघडलंस?"
"नाही. तुझं अक्षर बघवत नव्हतं."
"मग आता बघ," म्हणाली आणि निघाली. रस्त्यापलीकडे कुरळ्या तिची वाट बघत होता. तेव्हा नव्हता. आता आहे.
वही घेऊन घरी आलो. उघडायचा धीर होत नाही.

१३ एप्रिल
उघडली. शेवटचं पान, पेन्सिलीने. तारीख भांडणाच्या आदल्या दिवसाची.
"त्याच्या आकृत्या उलट्या येतात. वाकड्या तुकड्यात आरसा असणार. उद्या एकट्याला गाठून सांगायचं. चारचौघांत नको — त्याला लागेल."