पिस्टनच्या कॉम्प्रेसरला स्क्रूचा म्हणायची सक्ती

इझबत अल-बुर्ज, दमिएत्ता

आदरणीय रऊफमामांना भाचा वगीहचा सलाम,

तुमच्या गुडघ्याची सूज आणि मामीचा राग, दोन्ही उतरले असतील अशी आशा. आमच्याकडे बर्फ पुन्हा पडायला लागलाय (आभाळातून नाही, कारखान्यातून), म्हणून तर आज जरा श्वास घेतोय.

झालं काय, ऐन सार्डिनच्या दिवसांत आमचे मालक हाज बयूमी यांचा कॉम्प्रेसर बसला. होड्या धक्क्याला, मासळी उन्हात. हाज म्हणाले, "बर्फ निघाला तर माझी लेक शाहिंदा तुझी. नाही निघाला तर तूच निघ." तिच्यासाठी मी काय वाट्टेल ते केलं असतं, पण मामा, इथे यंत्राचं खरं नाव तोंडातून काढायचंच नाही! नजर लागते. म्हणून डिझेल इंजिनाला पेट्रोलचं म्हणायचं (त्यापायी मागे पेटीभर स्पार्क प्लग आले, डिझेलला ते लागतच नाहीत) आणि पिस्टनच्या कॉम्प्रेसरला बिनदिक्कत स्क्रूचा. तर हाजनी अलेक्झांड्रियाच्या लबीब इंजिनिअरकडे चक्क स्क्रू कॉम्प्रेसरच्या व्हॉल्व्हच्या चकत्या मागितल्या. तो खवळला. "अहो हाज, त्यात दोन मळसूत्रं एकमेकांत फिरून वायू दाबतात, असल्या चकत्या त्याला नसतातच! उद्या बोकडाचं दूध मागाल!" हाजनी फोनवर हात ठेवला. "एवढा शिकलाय, पण यंत्र ऐकतंय हे काही याला कळत नाही."

शेवटी फोन घेऊन मी जाळ्यांच्या ढिगामागे गेलो आणि पुटपुटलो, "पिस्टनचा आहे. अमोनियाचा."

"मोठ्यानं बोल की मेल्या!"

बोललो. अख्ख्या कारखान्यानं ऐकलं. हाज मटकन खाली बसले, त्यांची बायको धूप घेऊन धावली, फोरमननं कॉम्प्रेसरवरून मीठ ओवाळून टाकलं. पण चकत्या बरोबर आल्या, बसल्या, आणि धडधड सुरू झाली (इतका गोड आवाज मी शाहिंदाचाही ऐकलेला नाही, हे तिला कळवू नका). पहिली लादी पडताच हाजनी मला मिठी मारली आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं ओरडले, "शी! काय भिकार बर्फ आहे!"

सुटलो, मामा.

तुमचा,
वगीह

ता. क. साखरपुडा शुक्रवारी. वडिलांच्या जागी तुम्हीच, तेव्हा यायलाच हवं.

आणखी एक ता. क. हाज गावभर सांगत सुटलेत की जावई काणा आहे आणि त्याच्या दोन बायका पळून गेल्यात. आईला आधीच नीट समजावा. आणि तिथे कुणी माझ्याबद्दल विचारलं तर एक चांगला शब्द काढू नका, चारचौघांत यथेच्छ शिव्या घाला. जमणार नसेल तर मामीला आणा. तिला काही शिकवावं लागणार नाही.