एकादशीची गोळी

४ ऑगस्ट

डॉक्टरांनी अपस्माराची गोळी पुन्हा वाढवली! का, तर गेल्या महिन्यात परत फिट आली. वाढवा! इथे चालताना भिंत धरावी लागते, दुपारभर डोळे उघडत नाहीत. प्राणेशला सांगितलं तर म्हणतो, "वय झालं, अम्मा." पोटचा मुलगा! परवापरवापर्यंत बसवनगुडीतली सगळी देवळं पायी करत होते मी. वय काय असं एका महिन्यात होतं?

आणि सूनबाई! गॅसला हात लावायचा नाही म्हणे. "आई, रिस्क नको." पुण्याहून येऊन माझं स्वयंपाकघर मलाच बंद!

५ ऑगस्ट

एकादशी. निर्जळी. लग्नापासून एकही चुकली नाही. पाण्याचा थेंब चालत नाही, तिथे गोळी कुठली!

६ ऑगस्ट

द्वादशीचं पारणं उजाडताच करायचं असतं. सगळे झोपलेत. मीच गॅस पेटवणार आहे. बघू कोण अडवतं!

९ ऑगस्ट

त्या सकाळी कढईपुढेच फिट आली. मला काहीच आठवत नाही. सूनबाईने, अश्लेषाने, धावत येऊन मला मागे ओढलं म्हणे. उकळतं तेल तिच्या हातावर. कोपरापर्यंत पट्टी आहे. मला ओरखडासुद्धा नाही.

आज डॉक्टरांनी कन्नडमध्ये विचारलं, "अम्मा, एकादशी करता?" सांगितलं. त्यांनी कपाळाला हात लावला. एकादशीला गोळी नाही, म्हणून फिट. फिट आली, म्हणून डॉक्टर मात्रा वाढवणार. ती या वयात झेपत नाही, म्हणून तोल जातो. आता मात्रा हळूहळू कमी करणार, पण एक दिवससुद्धा चुकवायची नाही. उपवासालाही नाही.

मग हे आधी विचारायला काय झालं होतं? इतकी तपासणी केली, डोक्याचे फोटो काढले, एवढं एक विचारता आलं नाही?

आणि व्रत मोडायचं? आता, या वयात? प्राणेश म्हणाला, "देव समजून घेईल." देवाच्या वतीने बोलणारा हा कोण!

एकादशीला गोळी नाही घेणार. ठरलं.

१९ ऑगस्ट

सकाळी अश्लेषा न्हाऊन माझ्यापुढे येऊन उभी राहिली. पट्टीच्या हातात पाण्याचा तांब्या. "आई, गोळी घ्या. तुमची एकादशी आजपासून मी करते. निर्जळी."

घेतली. ती तशीच इलेक्ट्रॉनिक सिटीला ऑफिसला गेली. संध्याकाळी परतली तेव्हा ओठ पांढरे पडले होते. पाणी मागितलं नाही.