गोळी एकही नाही

वन्संना,

थोरल्या म्हणून पायांना हात लावला असं समजून घ्या, प्रत्यक्ष वाकले तर कंबर धरते. तुमची शुगर, तुमचे गुडघे आणि तुमच्या यजमानांचा कान कसा आहे ते कळवा. आम्ही इकडे बरे आहोत, म्हणजे आज आहोत. गेल्या आठवड्यात नव्हतो. फोनवर सांगितलं असतं, पण फोनवर तुम्ही मला बोलू देत नाही, म्हणून लिहायला बसले. माझी शाळा चौथीपर्यंतची, तेव्हा अक्षरं तपासत बसू नका. ते काम तुमचा भाऊ माझ्या खांद्यावरून वाकून करतोच आहे. (आता त्यांना आत पाठवलं.)

पाटी रंगवताना शिडीवरून पडून ह्यांचा मणका दुखावला त्याला आठ महिने झाले. मोठ्या दवाखान्यातल्या दुखण्याच्या डॉक्टरनं पाठीवर चिकटवायची पट्टी दिली, ती तुम्ही मागच्या खेपेला पाहिलीत. दोन बोटं रुंद, आरपार दिसणारी, तीन दिवसांनी बदलायची. औषध कातडीतून आत झिरपतं. अफूच्या जातीचं आहे, पण त्या पट्टीमुळेच माणूस उठून बसायला लागला. तुम्ही ती पाहून काय म्हणालात ते इथे लिहीत नाही.

तर झालं असं की ह्यांना खोकला झाला. खोकला आला की मणक्यातून कळ जायची, कळ गेली की हे मला बोलायचे, जसा काही मीच खोकले. म्हणून कोपऱ्यावरच्या डॉक्टरकडे नेलं. त्याची तपासायची खोली म्हणजे बाकाच्या पुढे एक पडदा. आत कुणाला जुलाब झालेत ते बाहेर सगळ्यांना कळतं. त्या दिवशी बाकावर आमच्या शेजारची बातमीवाली बसली होती (खरं नाव घेत नाही, तुम्ही ओळखलंत). डॉक्टरनं छाती तपासली आणि कुठली औषधं चालू आहेत ते विचारलं. मी सांगितलं, गोळी एकही नाही. आता ह्यात खोटं काय? आमच्या धुलाई-इस्त्रीच्या दुकानात कपडा घेताना चिठ्ठी टाचतो, कपडा कुठला, डाग कुठे, बटण किती. चिठ्ठीवर नाही ते आमच्याकडे आलंच नाही. वीस वर्षं ह्याच नियमावर मी गिऱ्हाइकांशी भांडतेय आणि एकदाही हरलेली नाही. पट्टी म्हणजे गोळी नव्हे. त्यानं अँटिबायोटिक लिहून दिलं, सकाळ-संध्याकाळ एक, आम्ही घरी आलो.

दुसऱ्या दिवशी खोकला कमी. तिसऱ्या दिवशी सकाळी हे गप्प. चहात साखर घालायची राहिली तरी गप्प. पंख्याचा आवाज होतोय, माझ्या बांगड्यांचा आवाज होतोय, काही नाही. वन्सं, खोटं कशाला सांगू, मला बरं वाटलं. डोळे मिटून पडलेत, तोंड उघडं, दुखणं नाही, बोलणं नाही. मनात त्या डॉक्टरला दुवा दिला आणि दुपारपर्यंत साठ शर्ट इस्त्री करून काढले, कॉलरसकट.

दुपारी समोरच्या चपलांच्या दुकानावर नवी पाटी चढत होती. रंगवणारा कुणी नवशिका असावा. पहिलं अक्षर ताटाएवढं, शेवटचं मुंगीएवढं, कारण जागाच संपली. मला वाटलं ह्यांना दाखवावं, तेवढाच वेळ जाईल. गदागदा हलवून उठवलं, उशीला टेकवून खिडकीकडे तोंड केलं. ह्यांनी बराच वेळ पाहिलं आणि म्हणाले, "छान आहे."

तीस वर्षांच्या संसारात तुमच्या भावानं दुसऱ्याच्या पाटीला छान म्हटलेलं नाही. मी जवळ जाऊन बघितलं. ओठ निळसर, डोळ्यांतली बुबुळं टाचणीच्या डोक्याएवढी. श्वास येतोय, पण मध्ये इतका वेळ थांबतोय की मी नकळत माझाही धरून ठेवला. घड्याळ लावून मोजले, मिनिटाला सात.

हॉटेलच्या चादरी न्यायला टेम्पो दारात उभा होताच. ड्रायव्हरनं आणि मी ह्यांना उचलून चादरींवर घातलं (चादरी परत धुवाव्या लागल्या, ते असू दे) आणि मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी बुबुळं पाहिली आणि विचारलं, काय काय देताय? मी अँटिबायोटिकचं पाकीट पुढे केलं. आणखी? मी म्हटलं, गोळी एकही नाही. तेवढ्यात नर्सनं ह्यांना कुशीवर वळवलं आणि पट्टी दिसली.

बाईंनी एका हातानं पट्टी सोलून काढली, दुसऱ्या हातानं इंजेक्शन मागितलं. उताऱ्याचं इंजेक्शन म्हणे. दोन मिनिटांत हे डोळे उघडून बाईंना नको नको ते बोलले, कारण दुखणं सगळंच्या सगळं परत आलं होतं. मी भिंतीला टेकून ऐकत होते. इतकं गोड मला कधीच काही लागलं नव्हतं.

नंतर बाईंनी समजावलं. पट्टीतलं औषध रक्तात येतं आणि यकृत (काळीज नव्हे) ते साफ करत राहतं, म्हणून बेतात राहतं. काही अँटिबायोटिक (सगळी नव्हेत) यकृताचं तेच काम अडवून धरतात. मला लगेच समजलं. आत कपडे येतच आहेत आणि धुणाऱ्याचे हात कुणी बांधून ठेवलेत, मग ढीग होणारच. तो ढीग ह्यांच्या श्वासावर बसला होता. पट्टी काढली तरी कातडीत औषध उरतं, म्हणून दीड दिवस नळ्या लावून ठेवलं. खोकल्याला दुसरं औषध दिलं, आणि पट्टी पुन्हा कधी लावायची ते त्याच ठरवणार होत्या. परवा लावली. तेव्हा चूक त्या कोपऱ्यावरच्या डॉक्टरची. नीट विचारायला नको?

हॉटेलचं मोठं काम आलंय, दिवसभर घरी कुणी नाही. मंगळवारी ह्यांना तुमच्याकडे पाठवतेय, पंधरा दिवस. ह्यांची कुरकुर सुरू असली तर काळजी करू नका. गप्प झाले तर करा.

तुमची भावजय

ता. क. ह्यांच्या सदऱ्याला आतून एक चिठ्ठी टाचलेली असेल. चालू असलेलं सगळं त्यावर आहे, पट्टी सगळ्यात वर. मी लिहिली होती, ती ह्यांनी फाडली आणि स्वतः रंगवली, लाल अक्षरात काळी सावली देऊन. 'पट्टी' हा शब्द शेजारच्या गल्लीतून वाचता येईल.

ता. क. दुसरा. वर लिहिलंय ते खरं नाही. कोपऱ्यावरच्या डॉक्टरनं नीट विचारलं होतं. गोळी, इंजेक्शन, मलम, पट्टी, काहीही, असं एकेक म्हणाला होता. पट्टी हा शब्द त्यानं घेतला होता. ह्यांनी माझ्याकडे बघितलं आणि मान खाली घातली. पडद्याबाहेर ती बातमीवाली होती, आणि माझ्या कानात तुमचं बोलणं होतं, नशेचं औषध आहे, चारचौघांत वाच्यता करू नकोस, माझ्या माहेरची अब्रू जाईल. मी नाही म्हटलं. दवाखान्यातही म्हटलं, कारण टेम्पोवाला शेजारी उभा होता. नर्सनं ह्यांना वळवलं नसतं तर मी आणखी किती वेळ अब्रू सांभाळली असती, मला माहीत नाही. बोललात तुम्ही, पण ऐकलं मी. दोघींचं निम्मं निम्मं.

म्हणून एकच मागणं. तिकडे ह्यांना कुठल्याही डॉक्टरकडे नेलंत, दात दाखवायला का होईना, तर सदरा उलटा करून ती चिठ्ठी तुम्ही स्वतः वाचून दाखवा. बाकावर कोण बसलंय ते बघू नका. मोठ्यानं वाचा.