चष्मेवाल्यांना काय सांगू?

६ मे

चि. भिंगरीस तुझ्या उनाड आईचे अ. उ. आ.

पोचले गं बाई, हातपाय शाबूत आहेत! पहिला घाट चढले. निम्मा सायकलवर बसून, निम्मा तिला ढकलत. पण हे कुणाला सांगू नकोस. उंचवट्याचा आधार घेतल्याशिवाय मला सायकलवर बसता येत नाही, हे तू जाणतेसच. त्यामुळे वाटेत तुतीचं लगडलेलं झाड दिसलं, तरी दगड नाही म्हणून पुढे जावं लागलं. दगड सापडल्यावर उतरले, पायी मागे आले आणि तोंड जांभळं होईस्तोवर खाल्लं. उतारावर तर मी चक्क बोंब ठोकली. ऐकायला दोन शेळ्या होत्या, त्यांनी मानसुद्धा वळवली नाही.

चष्मेवाल्यांनी लग्नाचं विचारलंय, त्याचं उत्तर मात्र अजून ठरत नाही. परत आल्यावर सांगते असं कबूल करून बसलेय. माणूस लाखात एक, पण तुझे बाबा गेल्यापासून मी कुणाला न विचारता उठते, बसते, हिंडते. आता या वयात पुन्हा कुणी ‘कुठे निघालीस’ म्हणणार, या विचारानेच पायांत गोळे येतात.

फोन घरीच शिवणयंत्राच्या खणात आहे, उगाच लावत बसू नकोस. आठवडाभर दरीकाठच्या या खानावळीतच मुक्काम आहे, इथेच लिही. लोभ उतारावरच्या सायकलीसारखा वाढता ठेव.

तुझी आई

९ मे

ती. आईस सा. न. वि. वि.

तुझं पत्र दुकानात वाचलं आणि हसण्याच्या नादात खोकल्याच्या गिऱ्हाइकाला पोटाचं औषध देणार होते!

आता मन घट्ट कर. तुझे चष्मेवाले सायकल शिकताहेत! रोज सकाळी, शाळेच्या मैदानात. पुढच्या खेपेला तुझ्या सोबतीला यायचं म्हणतात. काल थेट कुंपणात शिरले आणि सोललेले गुडघे घेऊन माझ्याकडे आले. मलमपट्टी करताना मी तुझं पत्र वाचून दाखवलं, त्यांच्याबद्दलचा भाग गाळून. तुतीपाशी आले तर हसून हसून त्यांच्या डोळ्यांत पाणी. पुन्हा वाचा म्हणाले. आई, तीनदा वाचलं गं!

तू नाही म्हणालीस तरी मी तुझ्याच बाजूने. पण काय ते लवकर कळव, मलम संपत आलंय. मोठे लहानांवर लोभ ठेवतात तसा ठेव, आणि पाणी पीत जा.

तुझी भिंगरी

१२ मे

चि. भिंगरीस अ. उ. आ.

आधी त्यांना सायकलवरून उतरव! आजच्या आज! त्यांना स्पष्ट सांग, घाटात मला कुणीही सोबत नको. मागून धापा टाकत कुणी आलं की थांबावं लागतं, आणि मला थांबायचं नाहीये. या वर्षी नाही, पुढच्याही नाही.

पण तुझं पत्र वाचून मी पायरीवर बसून खुळ्यासारखी हसत राहिले. खानावळवाली दोनदा डोकावून गेली. अगं, एवढं हिंडून आल्यावर सगळं सांगायचं कुणाला, हे मला कधी सुचलंच नव्हतं. तू ऐकतेस, पण एका कानाने, दुसरा गिऱ्हाइकाकडे. तेच ते तीनदा ऐकून हसणारं माणूस मला आणखी कुठे मिळायचं? मला फार आनंद झालाय गं, लपवत नाही.

तेव्हा मला एकटीला जाऊ देणं आणि घरी थांबणं त्यांना जमणार असेल, तर माझा होकार आहे. तूच सांग, मला लाज वाटते.

दोघांनीही लोभ ठेवावा.

तुझी आई

ता. क. उद्या निघते, पण लांबच्या रस्त्याने, सावकाश येईन. त्यांना आत्तापासूनच सवय होऊ दे.