तक्रारीचा रकाना

३ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. आ.

माझ्यावर घोर अन्याय झाला आहे. दवाखान्यातल्या पेनाला दोरी बांधलेली असते, तीही वीतभर. केसपेपरवर तक्रार लिहायची तर कमरेत वाकावं लागतं, म्हणून माणूस तक्रारच आखूड करतो. तीस वर्षं वर्तमानपत्रात दुसऱ्यांचा मजकूर कापला, परवा स्वतःचा कापला. पाळी जाऊन चार वर्षं झाली आणि गेले पाच महिने मधूनमधून रक्त जातंय, एवढं पाल्हाळ कशाला? ‘अशक्तपणा’ लिहून मोकळी झाले. डॉक्टरीणबाईंनी आणखी काही होतंय का विचारलं, तर नाही म्हटलं. लोहाच्या गोळ्या मिळाल्या.

खरं सांगू? पुढचा शब्द मला ऐकायचा नव्हता. आज पुन्हा चादर बदलली.

माया पातळ होऊ देऊ नकोस.
तुझी ताई

६ ऑगस्ट

ती. ताईस, सा. न. वि. वि.

खा लोहाच्या गोळ्या, म्हणजे गंज तरी चढेल! पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी दाखवायचं असतं, हे आमच्या शाळेतल्या शिपाईणबाईंनाही ठाऊक आहे. तुझ्या डॉक्टरीणबाईंना फोन करून तू कापलेलं सगळं सांगितलं. त्या म्हणाल्या, आधी सोनोग्राफी. अस्तर जाड दिसलं तर खालूनच बारीक दुर्बीण घालून गर्भाशय आतून बघायचं आणि तुकडा तपासायला पाठवायचा. चिरफाड नाही, संध्याकाळी घरी. कॅन्सर असेलच असं नाही, पण नसेलच असंही त्या म्हणेनात.

मी शनिवारी येते. घाबरलेय म्हणून ओरडतेय.

रागाखालचा लोभ ओळखावास.
तुझी धाकटी

२४ ऑगस्ट

चि. धाकटीस, अ. आ.

दुर्बिणीच्या पडद्यावर मी मला आतून दिसले, हे तुला सांगितलंच नव्हतं. फिकट गुलाबी खोली, कोपऱ्यात लोंबणारा एक मणी. बाईंनी तो अलगद काढला. त्यानंतरचे दिवस मात्र अलगद गेले नाहीत. जिन्यातलं प्रत्येक पाऊल रिपोर्टचंच वाटायचं. घराच्या किल्ल्या कुणाकडे द्यायच्या, इथवर माझी तयारी झाली होती.

आज लिफाफा आला. माझ्याने फोडवेना, शेजारणीने वाचला. तो मणी म्हणजे साधा पॉलिप, कॅन्सर नाही. मी तिच्या दारातच बसले, तर ती बिचारी पाणी आणायला धावली. पुन्हा रक्त दिसलं तर त्याच दिवशी यायचं, अशी बाईंची तंबी आहे. त्यामुळे भीती गेली असं लिहीत नाही. ती जरा सरकून बसली आहे.

सोबतच्या पार्सलात तुझ्या सहावीच्या वर्गाचे अडतीस पेपर आहेत. माझ्या उशाशी बसून तपासायला आणलेस, दोन दिवसांत एकही उघडला नाहीस आणि जाताना इथेच विसरलीस. सगळे तपासलेत. बेरीज तेवढी बघून घे.

तुझी ताई